कानाला डोळ्यांची जोड हवी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या संकल्पाचे महाराष्ट्राने स्वागत केले, ते योग्यच झाले. परंतु विश्वाची चाहूल ऐकणाऱ्या या कानाला पाहणाऱ्या डोळ्यांची जोड मिळणार काय, हे आताच विचारावयास हवे.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची वार्ता अशाच लहरींनी आणली. दुर्बिणींना तेथे जे तेज दिसले, त्यातील निळसर प्रकाश काही दिवसांतच मावळला. अवरक्त प्रकाश मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा संहारातून जन्मतात, याची साक्ष मुख्यतः त्याच प्रकाशाने दिली.

लहरींवरून कळणारी दिशा मोघम असते. म्हणून एका दृष्टिक्षेपात विस्तीर्ण आकाश पाहणारी अवरक्त दुर्बीण लागते. अमेरिकेतील पालोमार पर्वतावरील ‘गॅटिनी’ दुर्बिणीचा व्यास अवघा ३० सेंटिमीटर. पण तिच्या एका चित्रात पौर्णिमेचे शंभराहून अधिक चंद्र मावतील. तेथून दिसणारे सारे आकाश दोन रात्रींत चाळावे, याच हेतूने ती बांधली गेली. तेथेच २०२३ मध्ये एक मीटर व्यासाची ‘विंटर’ही आली.

आपल्याकडे जागेची वाण नाही. अवरक्त किरण हवेतील बाष्प गिळून टाकते; लडाखातील हानले तर सुमारे ४५०० मीटर उंचीवरचे, कोरड्या हवेचे स्थळ. तेथे २०१८ पासून मुंबईच्या आय. आय. टी.च्या सहभागाने ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटिमीटरची दुर्बीण क्षणिक तेजांचा माग काढीत आहे. पण तिची दृष्टी दृश्य प्रकाशापुरती आहे.

अवरक्त प्रकाश टिपणारे संवेदक महाग असतात, हे आम्ही जाणतो. गरिबांच्या देशाला ही चैन परवडेल काय, असेही कोणी विचारील. पण कानासाठी हजारो कोटी देऊ करणाऱ्याने डोळ्यांच्या खर्चाला कचरावे, ही काटकसर नव्हे. तो केलेला खर्च अर्धा वाया घालविणे होय. वार्ता हिंगोलीने द्यावी आणि दर्शन परक्यांनी घ्यावे, असे होऊ नये. हानलेच्या अवरक्त दुर्बिणीचा निर्णय शासनाने औंढ्याचे काम पुरे होण्यापूर्वीच घ्यावा.