बंदिवानांची दाढदुखी

न्यायासन अपराध्यास जी कारावासाची शिक्षा सांगतें, ती त्याच्या स्वातंत्र्याच्या अपहाराची होय. दाढदुखीची शिक्षा आमच्या दंडविधानांत कोणत्याहि कलमाखालीं सांपडत नाहीं. तथापि ती तुरुंगांत पुष्कळांस भोगावी लागते, आणि तिच्यावर अपीलहि चालत नाहीं.

बाहेरच्या मनुष्याची दाढ रात्रीं ठणकूं लागली, तर तो लवंगेचें तेल लावून सकाळीं दंतवैद्याचें दार ठोठावतो. कोठडींतल्या मनुष्यास लवंगहि दुसऱ्याच्या परवानगीनें मिळावयाची! त्यानें तक्रार करावी, डॉक्टरानें चिठ्ठी द्यावी, आणि मग बंदोबस्ताचे शिपाई मोकळे होईपर्यंत वाट पाहावी. शिपाई एखाद्या सभेच्या बंदोबस्तास गेले कीं रुग्णालयाची तारीख टळलीच. तोंवर वेदना मारणाऱ्या गोळ्या. जी कीड वेळींच कोरून व मसाला भरून थांबली असती, ती मुळापर्यंत पोंचते, आणि शेवटीं दांत उपटणें एवढाच उपाय उरतो. हा आतबट्ट्याचा व्यवहार आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगणें नको.

दांत गेला तर भाकरी कुसकरून खातां येते. पण तंबाखू-सुपारीची गोष्ट निराळी. सुपारीनें गालाचें अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, आणि आज दिसणारा पांढरा चट्टा पुढें कर्करोगाचें रूप घेऊं शकतो. दंतवैद्यास तो दिव्याच्या उजेडांत क्षणांत दिसतो. पाहणाराच नसेल तर काय व्हावयाचें?

चोरांच्या दांतांची उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५ लक्ष ७३ हजार माणसें होतीं. त्यांपैकीं ४ लक्ष ३४ हजार, म्हणजे शेंकडा सुमारें ७६, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाहीं त्यांस चोर कोणत्या कायद्यानें म्हणावयाचें? आणि पक्क्या कैद्यांचेहि मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारांत गळून पडत नाहींत, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७४ व १९७८ सालीं स्पष्ट केलें आहे.

परक्या सरकारानेंहि १८९४ च्या कायद्यांत प्रत्येक तुरुंगांत आजाऱ्यांसाठीं जागा असावी असें लिहिलें. आणि जानेवारी १९२४ मध्यें येरवड्याच्या बंदिवासांत महात्माजींस आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हां त्यांस ससून रुग्णालयांत नेऊन कर्नल मॅडॉक ह्यांच्या हातून शस्त्रक्रिया करविली. अर्थात् प्रत्येक बंदिवान महात्मा नसतो, व त्याच्या दाढेसाठीं तारा सुटत नाहींत. परंतु प्रत्येक बंदिवानास लायक दंतवैद्याची सेवा मिळाली पाहिजे, असा नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें १९५५ सालीं केला, व २०१५ सालीं मंडेलांच्या नांवानें निघालेल्या सुधारलेल्या नियमांतहि तो कायम राहिला.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर ह्या तिन्ही शहरीं सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि मध्यवर्ती कारागृहहि आहे. महाविद्यालयांतील उमेदवार डॉक्टरांस शिक्षकाच्या देखरेखीखालीं आठवड्यांतून ठरलेल्या दिवशीं कारागृहांत पाठवावें. प्रवेशाच्या वेळीं होणाऱ्या तपासणींत तोंडाची तपासणी सक्तीची करावी. आणि रुग्णालयाची तारीख शिपायांच्या अभावीं टळली तर तिचें कारण लेखी नोंदवून तें जिल्हा न्यायाधीशांपुढें ठेवावें. ह्यांपैकीं पहिल्या दोहोंस फार मोठा खर्च नाहीं, व तिसऱ्यास तर एक वही पुरे.