सोडिअम कुणी पाहिलं?

दिवाळीत दिवेआगरला दादाकडे गेले होते. दुपारी पुतणी ओटीवर विज्ञानाची प्रयोगवही पुरी करत बसली होती. सहज चाळली. 'मिठाच्या द्रावणाचे विद्युत अपघटन.' आकृती सुबक, धनाग्र आणि ऋणाग्र पट्टीने आखलेले. निरीक्षण: 'ऋणाग्रावर सोडिअम जमा झाले.' शेजारी लाल शाईत बरोबरची खूण!

"तू पाहिलंस सोडिअम?"

"नाही गं आत्या. प्रयोग केलाच नाही आम्ही. फळ्यावरून उतरवून घेतलं."

माझं डोकंच फिरलं.

एक तर उत्तर चूक. सोडिअम मिळतं ते वितळलेल्या मिठातून. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून. द्रावणात पाणी असतं, आणि सोडिअमच्या आयनापेक्षा पाणी इलेक्ट्रॉन सहज घेतं. त्यामुळे ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, त्याच्याभोवती कॉस्टिक सोडा तयार होतो. धनाग्रावर क्लोरीन, द्रावण पातळ असेल तर ऑक्सिजनही. सोडिअमचे आयन आपले पाण्यातच राहतात. दोन वेगळ्या धड्यांची खिचडी झाली होती, एवढंच.

पण चूक कुणाच्याही हातून होते. न पाहिलेल्या गोष्टीला 'निरीक्षण' म्हणायचं आणि त्याला मार्क द्यायचे, हे मात्र मला पटत नाही. ह्याला घरी आपण खोटं बोलणं म्हणतो ना?

"शाळेत साहित्य नसतं", "वेळ नसतो", "क्लोरीन विषारी असतो"... सगळं मान्य. शिक्षकांवर पोर्शन संपवायचं ओझं असतं हेही मान्य. पण दिवेआगरच्या पोरांना मिठाचं पाणी कुणी विकत आणून द्यायला हवंय का? वाडी ओलांडली, सुरूचं बन ओलांडलं की समोर समुद्र! लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, फुकट.

आम्ही तांब्याभर पाणी आणलं. काचेच्या वाटीत थोडं ओतून चिमूटभर हळद टाकली. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासल्या आणि तारांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. ओटीवर, उघड्यावर, दोन-चार मिनिटंच. आणि वाटीवर नाक धरायचं नाही, बरं का.

ऋण बाजूच्या पेन्सिलीला बुडबुडे आले आणि तिथली हळद लालसर झाली. म्हणजे तिथे आम्लारी तयार झालं. जरा वेळाने पुतणी म्हणाली, "आत्या, विहिरीत टीसीएल टाकल्यावर येतो ना, तसा वास येतोय!"

बरोबर ओळखलं पोरीने. टीसीएल पावडर चुन्यावर क्लोरीन सोडून करतात, आणि तो क्लोरीन कारखान्यात मिठाच्या पाण्यातूनच वीज सोडून काढतात. विहीर, समुद्र आणि धडा एका वाटीत आले. हे फळ्यावरून उतरवून कसं कळणार?

मग तिने वही पुढे ओढली आणि विचारलं, "आता काय लिहू? जे पाहिलं ते लिहिलं तर मार्क जातील."

दादा, वाचतोयस ना? मी तिला 'जे पाहिलंस तेच लिही' असं सांगितलंय. मार्क गेले तर माझ्याशी भांड. आणि बाकीच्यांनो, आपापल्या घरच्या प्रयोगवह्या जरा उघडून बघा. त्यातलं किती पाहून लिहिलंय, ते विचारा.