राक्षसाची वाचा कुणी काढून घेतली?

'फ्रँकेन्स्टाइन' म्हटले की चौकोनी कपाळाचा, गुरगुरणारा राक्षस डोळ्यांसमोर येतो. हा राक्षस १९३१ सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटातला. दिग्दर्शक जेम्स व्हेल, राक्षसाच्या भूमिकेत बोरिस कार्लॉफ. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या मूळ कादंबरीतला राक्षस मात्र बोलतो, आणि मुद्देसूद बोलतो. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून लपून राहत तो भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो. मग आपल्या निर्मात्यालाच जाब विचारतो की, मी जन्मतः दुष्ट नव्हतो. मला टाकून का दिलेस?

चित्रपटाने त्याची वाचा तर काढून घेतलीच, पण त्याहून मोठा अन्याय पुढे आहे. शास्त्रज्ञाचा मदतनीस फ्रिट्झ याच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. कादंबरीत हा मदतनीस नाही आणि ही बरणीही नाही. गुन्हा मेंदूतच भरलेला असेल, तर टाकून देणाऱ्या निर्मात्याला आणि दगड मारणाऱ्या गावाला जाब कोण विचारणार?

कादंबरीत तो बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि बक्षीस म्हणून गोळी खातो. चित्रपटात त्याच्याच हातून, अजाणतेपणी का होईना, एक लहान मुलगी बुडते. हा बदल साधा नाही.

वकील म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट खटकते. कादंबरीत जस्टिन ही निरपराध मोलकरीण खिशात सापडलेल्या लॉकेटवरून खुनी ठरते, धर्मगुरूच्या धाकाने खोटी कबुली देते आणि फासावर जाते. खरा खुनी कोण, याची खात्री असूनही व्हिक्टर न्यायालयात त्याविषयी तोंड उघडत नाही. चित्रपटाने हा खटलाच गाळला. लेखिकेचे नावसुद्धा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत 'मिसेस पर्सी बी. शेली' असे नवऱ्याच्या नावाने दिले!

कार्लॉफ यांचा अभिनय मोठा आहे, त्यांच्या डोळ्यांतले दुःख आम्हालाही भिडते. परंतु कीव करणे म्हणजे न्याय करणे नव्हे. मेरी शेली राक्षसाला निर्दोष सोडत नाहीत. त्याने केलेले खून त्या लपवत नाहीत. त्या एवढेच करतात की, निकालाआधी आरोपीचे म्हणणे ऐकून घेतात. ज्याला बोलूच दिले नाही, त्याला राक्षस ठरवणे फार सोपे असते. म्हणून ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला असेल, त्यांनी मूळ कादंबरी अवश्य वाचावी, एवढेच आमचे सांगणे आहे.