विद्यार्थ्याच्या आरोग्याचे पालकत्व कोणाकडे?

दरवर्षी जून-जुलै उजाडला की महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून हजारो तरुण-तरुणी पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर या विद्याकेंद्रांकडे निघतात. बरोबर आलेले वडील शुल्काची चौकशी करतात, आई खाणावळीतले जेवण चाखून पाहते. वसतिगृहाचे कुलूप, खोलीतील सोबती, बसचा मार्ग अशा सर्व गोष्टींची विचारपूस होते. पण मुलगा तापाने फणफणला तर त्याला कोण पाहणार, रात्री दोन वाजता मुलीच्या पोटात कळ आली तर तिने कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. महाविद्यालयाच्या रंगीत माहितीपुस्तिकेतही त्याचे उत्तर बहुधा नसते. तेथे संगणक प्रयोगशाळा असते, व्यायामशाळेचे छायाचित्र असते, नोकऱ्यांची आकडेवारी असते; आरोग्यकेंद्राची वेळ आणि डॉक्टरांचे नाव मात्र शोधूनही सापडत नाही.

ही उणीव किती महागात पडू शकते, याची चुणूक पुण्याने २०२५ च्या प्रारंभी अनुभवली. सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. याच परिसरात अनेक महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या आधाराने कॉट बेसिसवर राहणारी, डब्यावर जेवणारी मुलेही मोठ्या संख्येने आहेत. हातापायांतील शक्ती अचानक क्षीण होणे हे या विकाराचे लक्षण. घरी असलेल्या मुलाचे असे काही झाले तर आई तत्क्षणी ओळखते. भाड्याच्या खोलीत एकट्या पडलेल्या मुलाला मात्र तो केवळ थकवा वाटू शकतो, आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जाऊ शकतात.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो दोन योजनांच्या मधल्या पोकळीचा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आरोग्य पथक अंगणवाडीत आणि शाळेत जाते. पुढे नोकरी लागली की कर्मचारी विमा किंवा कंपनीचा विमा येतो. परंतु अठरा ते तेवीस-चोवीस ही वर्षे? शाळेची आरोग्यपत्रिका संपलेली, नोकरीची सुरू झालेली नाही आणि घर शेकडो किलोमीटर दूर, अशी ही अवस्था. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. त्याचे स्वागतच आहे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून कराव्या लागणाऱ्या उपचारांसाठी आहे. विद्यार्थ्याची नित्याची दुखणी म्हणजे ताप, खोकला, कावीळ, पित्त, पाळीचा त्रास, झोप न येणे. त्यांना बाह्यरुग्ण तपासणी लागते, आणि तिचा खर्च खिशातूनच करावा लागतो. शिवाय दाखल होण्याची वेळ आलीच, तर लागणारी शिधापत्रिका गावी आईच्या ट्रंकेत असते.

मग हा विद्यार्थी काय करतो? औषधाच्या दुकानात जाऊन लक्षणे सांगतो आणि दोन-तीन गोळ्या घेऊन येतो. बरे वाटताच प्रतिजैविकांचा क्रम अर्ध्यावर सोडतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला क्षयाचा असू शकतो. त्याचे निदान व औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते आणि पोषणासाठी दरमहा अर्थसाहाय्यही दिले जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चार जणांच्या कोंदट खोलीत तो खोकला मग चौघांचा होतो.

मुलींची स्थिती अधिक चिंताजनक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. या आकड्याचा प्रत्यय रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे येत आहे. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागते. उत्साहाने रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलींना 'तुमचे कमी आहे' असे सांगून परत पाठविले जाते. शिबिर संपते, संकलित पिशव्यांची संख्या जाहीर होते, आभारप्रदर्शन होते. परत पाठविलेल्या मुलींचे पुढे काय झाले, याची नोंद कोणाकडे असते? त्यांच्यापैकी किती जणींनी लोहाच्या गोळ्या घेतल्या, किती जणींची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली? रक्तदानाइतकेच पुण्य या पाठपुराव्यात आहे. तो करण्यासाठी कोणत्याही शासकीय अध्यादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

वनवासी क्षेत्रातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. सिकलसेल या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केले असून चाळिशीपर्यंतच्या सर्वांची तपासणी हे त्याचे सूत्र आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथून शहरात आलेल्या मुलाला सांधेदुखीची असह्य कळ येते, तेव्हा शहरी डॉक्टरला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाला त्या आजाराची ओळख असेलच असे नाही. स्वयम् आणि स्वाधार या योजनांमुळे वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमाती व जातींच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी साहाय्य मिळू लागले, हे मोठे पाऊल होते. पण शहरात टिकून शिकायचे तर शरीरही टिकले पाहिजे. समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की, आजारपणामुळे शिक्षण सुटते ते प्राधान्याने त्याचे, ज्याच्या पाठीशी शहरात कोणी नातेवाईक नसतो.

आणि मनाचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. या दुःखद सूचीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ च्या दुसऱ्या निकालात तर शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे स्पष्ट निर्देश दिले. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कागदावर म्हणजे सर्व काही आहे. पण समुपदेशकाची नेमणूक म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे लिहिलेला अतिरिक्त कार्यभार असेल, आणि तोच प्राध्यापक त्या विद्यार्थ्याचे अंतर्गत गुणही देणार असेल, तर कोणता विद्यार्थी त्याच्यापुढे मन मोकळे करील?

या अनास्थेचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या घडणीत आहे. १८५७ साली मुंबई, कोलकाता व मद्रास येथे इंग्रजांनी विद्यापीठे स्थापिली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. महाविद्यालयांना संलग्न करावे, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी एवढेच त्यांचे प्रारंभीचे कार्य होते. विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, आजारी पडला तर कोण पाहतो, हा विद्यापीठाच्या कक्षेतील विषयच नव्हता. इंग्रज गेले, तरी विद्यार्थ्याकडे आसनक्रमांक म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र आपण जपून ठेवली.

आपल्या परंपरेची धारणा याहून भिन्न आहे. दहा सहस्र शिष्यांना अन्नादी पोषण देऊन जो अध्यापन करतो तो कुलपती, अशी आपल्याकडील जुनी व्याख्या आहे. तिच्यात पोषण आधी येते. मराठीने विद्यापीठाच्या प्रमुखाला 'कुलगुरू' हा सुंदर शब्द दिला. कुल म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबातील मूल आजारी असता कुटुंबप्रमुख परीक्षेच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवीत नाही. आधुनिक काळातही ही दृष्टी व्यवहारात आणता येते, हे पंडित मदनमोहन मालवीयांनी दाखवून दिले. १९१६ साली स्थापन झालेल्या काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात सर सुंदरलाल रुग्णालय उभे राहिले. आयुर्वेदाच्या अध्ययनालाही तेथे मानाचे स्थान मिळाले. विद्या आणि आरोग्य एकाच आवारात नांदले पाहिजेत, हा त्या महापुरुषाचा विचार होता.

प्रत्येक महाविद्यालयाला रुग्णालय उभारता येणार नाही, हे मान्य. त्याची आवश्यकताही नाही. जवळच्या एखाद्या डॉक्टरांनी रोज दोन तास बसावे, आठवड्यातून दोन दिवस स्त्री-डॉक्टर असाव्यात आणि मोठ्या आजारासाठी एका रुग्णालयाशी लेखी करार असावा, इतके तरी कोणत्याही संस्थेला शक्य आहे. प्रवेशाच्या वेळी एकदा तपासणी व्हावी. खाणावळीच्या व वसतिगृहाच्या पाण्याची नियमित चाचणी व्हावी. विद्यार्थ्याच्या आरोग्य योजनेची कागदपत्रे पहिल्याच महिन्यात पूर्ण करून घ्यावीत. १०८ ही रुग्णवाहिका सेवा आणि १४४१६ हा 'टेलि-मानस' या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर ठळकपणे लावावा. पैशाची सबब पुढे केली जाईल. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात वर्षाला तीनशे रुपये आरोग्यशुल्क घेतले, तर सहा लाख रुपये जमतात. एवढ्यात डॉक्टरांचे मानधन आणि प्राथमिक औषधे यांची पुष्कळशी तरतूद होऊ शकते. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर होणारा खर्च पाहिला, तर ही रक्कम फार मोठी आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना तेवढेही परवडत नाही, त्यांचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा.

'हे विद्यार्थी सज्ञान आहेत, त्यांनी स्वतःचे पाहावे', असाही युक्तिवाद केला जातो. मतदानाचा अधिकार मिळाला म्हणजे माणसाला आधाराची गरज उरत नाही, हा विचार आपल्या समाजधारणेत बसणारा नाही. मात्र सज्ञानतेचा एक अर्थ संस्थेने आणि पालकांनीही मानलाच पाहिजे, तो म्हणजे गोपनीयता. तपासणीत काय आढळले, समुपदेशकाशी काय बोलणे झाले, हे विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय वर्गशिक्षकापर्यंत वा घरापर्यंत जाता कामा नये. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. हा विश्वास नसेल, तर आरोग्यकेंद्राच्या पायऱ्या कोणी चढणार नाही.

येथे आपल्या मध्यमवर्गीय घरांनाही आत्मपरीक्षण करावे लागेल. मुलाने फोनवर 'अभ्यासात लक्ष लागत नाही, झोप येत नाही' असे सांगितले, की आपण त्याला 'मन खंबीर कर' असे सांगून मोकळे होतो. पाय मोडलेल्या मुलाला आपण खंबीर होऊन चालायला सांगत नाही. मनाच्या आजाराची लाज बाळगणे हे संस्काराचे लक्षण नव्हे. लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचे उपचार लपविणारे घर तिचे हित साधत नसते.

समाजाने मनावर घेतले तर काय उभे राहू शकते, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती कार्य करीत आहे. लातूरला १९६६ साली विवेकानंद रुग्णालय आणि संभाजीनगरला १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले, ते ध्येयवेड्या तरुण डॉक्टरांच्या संकल्पातून. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, आणि त्याच गावात संघविचाराचे चार-दोन डॉक्टरही आहेत. त्या डॉक्टरांनी आठवड्यातील दोन तास महाविद्यालयाला द्यावेत. विद्यार्थी परिषदेच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी प्रत्येक वसतिगृहात दोघांना प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यायला लावावे. शहरातील स्वयंसेवक कुटुंबांनी बाहेरगावच्या दोन विद्यार्थ्यांना आपला दूरध्वनी क्रमांक देऊन 'रात्री-अपरात्री केव्हाही फोन कर' असे सांगावे. आजारी मुलाला पथ्याची मऊ खिचडी नेऊन देणारे घर कोणतेही परिपत्रक निर्माण करू शकत नाही.

समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली, ती तरुणांनी बलोपासना करावी म्हणून. राष्ट्र बलशाली व्हावे अशी आकांक्षा बाळगणाऱ्यांनी राष्ट्राच्या तरुण पिढीचे रक्त किती लाल आहे, हे आधी तपासून पाहिले पाहिजे. येत्या शैक्षणिक वर्षात आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना एकच प्रश्न विचारावा : येथे विद्यार्थी आजारी पडला, तर त्याने कोणाकडे जायचे? उत्तर मिळाले नाही, तर तक्रार करून परतू नये; ते उत्तर आपणच उभे करावे.