आधी गिऱ्हाईक, मग हायड्रोजन

बंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो, त्या होसकोट्यात व्होल्वोचे ट्रक बनतात. थोड्या अंतरावर, बंगळुरूच्याच परिसरात, ओह्मियम कंपनी 2021 पासून पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारे इलेक्ट्रोलायझर बनवते. यंत्र इथलेच, ट्रकही इथलेच, तेव्हा हरित हायड्रोजनवर धावणारी मालवाहतूक इथूनच सुरू करावी, हा मोह साहजिक आहे. केंद्राने 2025 मध्ये पुणे-मुंबईसह दहा मार्गांवर 37 हायड्रोजन वाहनांच्या चाचण्या मंजूरही केल्या. चाचण्या जरूर व्हाव्यात; पण हा वायू स्वस्त होण्याची वाट पेट्रोल पंपावरून जात नाही, ती खत कारखान्यांतून जाते.

हिशेब विजेपासून सुरू होतो. एक किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज लागते. युनिट तीन रुपयांना धरले तरी दीडशेच्या वर रुपये विजेतच गेले, आणि नैसर्गिक वायूपासूनचा हायड्रोजन साधारण दीडशे ते दोनशे रुपयांत पडतो. शिवाय तीन रुपयांची सौरवीज फक्त दिवसा मिळते. उरलेला वेळ महागडे यंत्र रिकामे बसते आणि कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते. चोवीस तास वीज हवी तर दर चढतो. हायड्रोजन दाबून ट्रकमध्ये भरायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, यात मूळच्या शंभर युनिटांपैकी तीसेक चाकापर्यंत पोचतात. बॅटरीत सत्तरहून अधिक. लांब पल्ल्याच्या जड ट्रकला बॅटरीचे वजन जड जाते, हा आक्षेप खरा आहे. पण बॅटऱ्या दरवर्षी सुधारत आहेत, आणि पंपांचे जाळे उभारायला वर्षे लागतील.

खताचे तसे नाही. तिथे अमोनिया बनवायला हायड्रोजन लागतोच, रोज आणि एकाच जागी. बांधलेल्या मागणीने भाव कसा उतरतो, ते पाहा. 2025 मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्यासाठी हरित हायड्रोजनचा दर किलोला 397 रुपये निघाला. त्याच वर्षी केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने, म्हणजे 'सेकी'ने, खत कारखान्यांची वर्षाला 7.24 लाख टन अमोनियाची मागणी एकत्र बांधली, दहा वर्षांच्या खरेदीची हमी दिली आणि लिलाव पुकारले. पहिल्याच लिलावात हरित अमोनिया किलोला 55.75 रुपयांवर आला. अमोनियात वजनाने सुमारे 17.6 टक्के हायड्रोजन असतो. म्हणजे सगळी किंमत त्याच्याच खात्यावर टाकली तरी किलोला 317 रुपयांच्या आसपास. यात पहिल्या तीन वर्षांच्या अनुदानाचा हात आहे, हे मान्य. तरी बँकेला कर्ज द्यायला धीर येतो तो दहा वर्षांच्या करारामुळे.

याचा बोजा शेतकऱ्यावर पडेल का? युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, त्यामुळे तिथे हा अमोनिया सरसकट चालत नाही. तो डीएपी आणि संयुक्त खतांसाठी सोयीचा, आणि तिथला अमोनिया आज बराचसा आयातीचा आहे. युक्रेन युद्ध पेटल्यावर 2022 मध्ये त्याचे भाव कसे उसळले, ते खत अनुदानाच्या आकड्यांत दिसले. दहा वर्षे ठरलेला भाव आज थोडा महाग असला, तरी अर्थसंकल्प मांडणाऱ्याला तो परवडू शकतो.

पाण्याची शंका होसकोटे-कोलारसारख्या कोरड्या पट्ट्यात रास्त आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने किलोला नऊ लिटर, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. पण बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी के. सी. व्हॅली योजनेतून कोलारच्या तलावांत 2018 पासून जातेच आहे. हायड्रोजनचे कारखाने इथे आलेच, तर त्यांना बोअरवेलची परवानगी देऊ नये, असेच पाणी आणखी शुद्ध करून घ्यायला लावावे.