पोटातले जंतू आणि वाटीभर दही

मोहने येथील एन.आर.सी. कंपनी 2009 साली बंद पडली, पण पाळीच्या कामाच्या दिवसांत मागे लागलेली 'ॲसिडिटी' अनेक घरांत अजून ठाण मांडून आहे. पोटात आग पडली की मेडिकलमधून गोळी आणायची, चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच! दोष मात्र मिरचीला.

वाचकहो, जठरातील व्रणाचे मोठे कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. (अंगदुखीच्या गोळ्या हे दुसरे.) पर्थचे डॉ. वॉरन व डॉ. मार्शल यांनी तो शोधला. कोणी मानेना, म्हणून मार्शल यांनी 1984 साली ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली! 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. काहींना व्रण होतो, थोड्यांना कर्करोग.

जठरातील आम्लात तो जगतो, कारण स्वतःभोवती अमोनिया तयार करतो. दह्यातील जंतूंचे भाऊबंद असलेले काही लॅक्टोबॅसिलस त्याच्या या कामात अडथळा आणतात, त्याला जठराच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. त्याचा जोर कमी होतो, पण तो मरत नाही. म्हणून 'दही खा, अल्सर जाईल' या सल्ल्यावर विसंबू नये. तपासलेले जंतू ठराविक जातीचे, कॅप्सूलमधले असतात. आपल्या विरजणात कोणते, हे कोणी मोजलेले नाही.

खरा उपाय म्हणजे डॉक्टरांनी दिलेला, साधारण 14 दिवसांचा गोळ्यांचा कोर्स. त्यात तोंड कडू होते, जुलाब लागतात. रोजंदारीचा माणूस खाडा परवडत नाही म्हणून चौथ्या दिवशीच गोळ्या सोडतो, आणि उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. प्रोबायोटिकचा उपयोग इथे आहे : जुलाब, मळमळ कमी होते, कोर्स पुरा होतो. डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारा. गोळ्यांत टेट्रासायक्लिन असेल तर मात्र तिच्यासोबत दूध-दही घेऊ नका, गोळी लागू पडत नाही.

शौचास काळे होणे, रक्ताची उलटी, वजन घटणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करतात. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही.