मान वर करा

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन आला की वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास दिसते. खिडकीकडे तोंड करून बसलेली बाई, कपाळावरून पुढे ओढलेला पदर, नाही तर भिंतीवर पडलेली नुसती सावली. पोलिसांनी पकडलेल्या आरोपीचा फोटोही असाच छापतात: तोंड झाकलेले, मान खाली. ओळख उघड होऊ नये हा हेतू रास्तच आहे. पण वर्षानुवर्षे हेच पाहून आपल्या मनाने धडा घेतला, तो असा की या आजारात तोंड लपवण्यासारखे काहीतरी असले पाहिजे.

हा धडा मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतही मुरला आहे; २०२३ मध्ये त्यांचा वेगळा जिल्हा झाला. इथे कचेरीत हिंदी चालते, घरात मराठी, आणि मोठे दुखणे निघाले की वाट धरायची ती नागपूरची. कोण कुणाच्या घरचा, कोण सकाळच्या गाडीने कुठे गेला, हे अशा गावांत सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच ज्याच्या घरी एचआयव्हीची गोळी चालू असते, तो डबीवरचा कागद नखाने खरवडून काढतो, डबी फडताळात डाळीच्या डब्यामागे सरकवतो आणि कुणी विचारलेच तर ‘शुगरची आहे’ म्हणतो. ही औषधे शासनाकडून २००४ पासून मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली, रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने तो कधीच लागत नव्हता. विज्ञान इतके पुढे गेले, तरी कागद खरवडणारे नख तिथेच आहे.

नजर बदलायला छायाचित्राची मदत होते, आणि त्याच छायाचित्राने नुकसानही होते. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात निकोलस निक्सन यांनी टिपलेली एड्सच्या रुग्णांची छायाचित्रे लागली होती. आठवड्यागणिक झिजत जाणारी शरीरे. ‘ॲक्ट अप’ या संघटनेचे कार्यकर्ते तिथे पत्रके घेऊन उभे राहिले. आमचे मरण खूप दाखवलेत, आता आमचे जगणे, भांडणे, प्रेम करणेही दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, मॅग्नम या संस्थेच्या आठ छायाचित्रकारांनी भारतासह नऊ देशांत बाधितांची चित्रे टिपली: एकदा औषध सुरू होण्याआधी आणि पुन्हा सुमारे चार महिन्यांनी. अंथरुणाला खिळलेला माणूस कामाला लागलेला दिसला, तेव्हा कुठल्याही घोषणेपेक्षा ते लोकांना लवकर पटले.

म्हणून काय सौंसरच्या बाजारात उद्याच चेहरे टांगायचे? मुळीच नाही. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला, रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, पोलिसांकरवी उचलून जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबले होते. त्याची गोष्ट त्याला न विचारता जगजाहीर झाली. पुढे तो स्वतःहून उभा राहिला, बोलला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्याच्याच पुढाकाराने उभी राहिली. उघडे पाडले जाणे आणि उघडपणे उभे राहणे यांत एवढे अंतर आहे. २०१७ चा कायदाही हेच सांगतो: सगळे समजावून घेतलेल्या संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. छायाचित्रकाराने ही संमती कागदावरच्या सहीपुरती समजू नये. दिल्लीच्या दालनात लावलेला फोटो संध्याकाळपर्यंत पांढुर्ण्याच्या मोबाइलवर येतो. चेहरा एका बाईचा असतो, पण बातमी तिच्या नवऱ्याची, शाळेत जाणाऱ्या पोराची आणि लग्नाला आलेल्या नणंदेचीही होते. हे तिला तिच्या भाषेत, तिच्या ओसरीवर बसून सांगायला हवे. आणि तिने नाही म्हटले तर कॅमेरा मुकाट्याने पिशवीत गेला पाहिजे.

मग करायचे काय? या गावांनी आपल्याच माणसांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन भरवावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दगडफेकीला, बाहेरचे कॅमेरे जाम नदीवर येतात आणि फुटलेली डोकी टिपून जातात. उरलेल्या दिवसांतला गाव कुणी टिपायचा? संत्रा तोडणारी, शिंपी, ट्रकचालक, नर्स, मास्तर, पोहे विकणारा: सगळे आपापल्या कामाच्या कपड्यांत. त्यांत एचआयव्हीसह जगणारेही असावेत, ज्यांची तयारी असेल ते. कुणाच्याही फोटोखाली आजाराचे नाव नको, नुसते काम लिहावे. दाराशी मात्र एक वाक्य ठळक असावे: ‘यांतल्या काहींच्या रक्तात एचआयव्ही आहे, आणि आम्ही सगळे एकमेकांसोबत उभे आहोत.’ इथे प्रत्येक चेहऱ्याने हे वाक्य समजून होकार दिलेला असेल, म्हणजे संशयाचा वाटा नर्स आणि मास्तरही आपल्या खांद्यावर घेतील. पाहणारा चेहऱ्यांमागून चेहरे न्याहाळील आणि शोधून दमेल. सापडत नाही, कारण चेहऱ्यावर तसे काही नसतेच, हे त्याचे त्याला कळेल.

शेजारच्या विदर्भातल्या, अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली, तेव्हा रोज दिसूनही न दिसणारी माणसे शहराला दिसली. सौंसर-पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ आहेत, लग्नाचे अल्बम करणारे कसबी हात आहेत. तेही हे करू शकतात.

लहान गावातला स्टुडिओवाला फोटो काढण्याआधी जवळ येतो, शर्टाची कॉलर नीट करतो, दोन बोटांनी हनुवटीला आधार देतो आणि म्हणतो, ‘मान जरा वर करा.’ समोरचा कोण, कुठल्या जातीचा, त्याला काय दुखणे, हे तो विचारत नाही. तो हात प्रत्येकाच्या हनुवटीपर्यंत, न कचरता, पोचला पाहिजे.